बोट ठेवणं

आमच्या गावात ग्रंथ म्हटलं की एकच. बाकी सगळी पुस्तकं. आषाढी पौर्णिमेला विहारात तो निळ्या कापडातून बाहेर निघतो, आश्विन पौर्णिमेला परत गुंडाळला जातो, आणि मधले तीन महिने रोज संध्याकाळी त्याचं वाचन होतं. ह्याला वर्षावास म्हणतात. भिक्खूंनी पावसाळ्यात गावोगाव हिंडू नये, एका जागी राहून धम्माचा अभ्यास करावा, असा जुना नियम आहे. आमच्याकडे भिक्खू नव्हते. चिखल भरपूर होता, त्यामुळे अख्खं गाव आपोआप एका जागी राहायचं.

हेच दिवस रोवणीचे. दिवसभर बांधीत वाकून धानाचं रोप लावलेल्या बाया संध्याकाळी विहारात येत. पाण्यानं त्यांच्या बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली असत. पाठ भिंतीला टेकली की दुसऱ्या पानापर्यंत निम्म्या पेंगायच्या. वाचन मात्र थांबत नसे. रोज एका घराचा नंबर असायचा. ज्या घराचा नंबर, त्या घरानं अगरबत्ती आणायची, मेणबत्ती लावायची आणि घरातल्या कोणीतरी चार पानं वाचायची. गावात ज्या घराचा नंबर असतो, ते घर गावात मोजलं जातं. इतकं साधं होतं ते.

माझ्या मोठ्या आईच्या घरी वाचणारं कोणी नव्हतं. मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. मोठे बाबा लवकर गेले, मुलगा लहानपणीच नागपूरला मामाकडे शिकायला गेला तो तिकडचाच झाला. ती स्वतः शाळेची पायरी चढलेली नव्हती. म्हणून तिच्या घरचा नंबर आला की ती मला उसनं मागायला यायची, साखर मागावी तशी. मी सातवीत असल्यापासून तिच्या घरची चार पानं मी वाचली. मी वाचायची फार छान, असं सगळे म्हणत. मीही तसंच समजत होते. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, हे मला वक्तृत्व स्पर्धांमुळे कळत होतं. मी काय वाचते आहे तेवढं कळत नव्हतं, पण त्यासाठी बक्षीस नसे.

वाचून झालं की मोठी आई मला घरापर्यंत सोडायला यायची आणि वाटेत शब्द विचारायची. एकेक शब्द ती पदराच्या गाठीत बांधून आणल्यासारखा काढायची. अमुक म्हणजे का वं? तमुक म्हणजे का? मला घरी जाऊन जेवायचं असायचं. जे सुचेल ते मी ठोकून द्यायची. ती मान हलवून तेवढं नीट ऐकून घ्यायची आणि पुढचा शब्द काढायची.

दहावीनंतर मी लाखांदूरला शिकायला गेले, मग नागपूरला. मराठी घेऊन एम.ए. केलं आणि साकोलीच्या एका कॉलेजात मराठी शिकवायला लागले. त्या मधल्या काळात गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात आमचं जुनं गाव गेलं. विहार गेला, ग्रंथ आला. सामान हलवताना तो सगळ्यात आधी ट्रॅक्टरवर चढला, असं मला सांगितलं गेलं. मी त्या दिवशी एका चर्चासत्रात होते. विषय होता ‘ग्रामसंस्कृतीचा ऱ्हास’.

पुनर्वसनाच्या नव्या गावात सरळ रेषेत रस्ते होते आणि नवी समिती होती. समितीच्या अध्यक्षांना माइकची आवड होती. जुन्या गावात वाचणाऱ्याचा आवाज भिंतीपर्यंत पोचला तरी पुरे व्हायचा. नव्या गावात तो पलीकडच्या बांध्यांपर्यंत पोचू लागला, आणि मग साहजिकच चांगल्या आवाजाची गरज वाटू लागली. एका वर्षी अध्यक्षांनी यादी केली, तेव्हा मोठ्या आईचं घर त्यात नव्हतं. वाचणारं कोणी नाही, उगाच दुसऱ्याला त्रास कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यात दुष्टपणा नव्हता. फक्त सोय होती.

त्या वर्षी मोठी आई रोज विहारात जाऊन बसली आणि पुढच्या वर्षी तिनं वाचलं.

हे कसं झालं ते मला फार उशिरा कळलं. ती बाराखडी शिकलीच नाही. तिनं ग्रंथाची एक प्रत घरी आणवली आणि रोज दुपारी भाकरीनंतर ती दारात मांडी घालून बसू लागली. चाळीस पावसाळे ग्रंथ ऐकून तिचा तो कानात पाठ होता. आपण अक्षर बघतो आणि मग शब्द ओळखतो. तिला शब्द आधीच ठाऊक होता, ती त्याला कागदावर शोधायची. हे ‘भगवान’ असणार, कारण इथे भगवान येतात. हे ‘म्हणाले’, कारण भगवान आले की काहीतरी म्हणतातच. ओळखीच्या माणसाला गर्दीत हुडकावं तसं. प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून, तो सापडला की पुढे. दिवसाला तीन ओळी. सापडला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच.

पुढच्या वर्षावासात ती अध्यक्षांकडे गेली आणि म्हणाली, माझा नंबर लावा. अध्यक्षांनी विचारलं, कोण वाचणार? ती म्हणाली, मी. त्या संध्याकाळी तिनं चार पानांना दीड तास लावला. माइक तिनं बाजूला सरकवून दिला. ‘भगवान मनले’ असंच ती वाचत होती, आणि कोणी पेंगलं नाही म्हणतात. मी नव्हते. मी हे सगळं फोनवर ऐकलं, फार कौतुक वाटलं, आणि हा प्रसंग कधीतरी लिहिला पाहिजे अशी मनात नोंद केली.

माझी स्वतःची श्रद्धा तोवर व्यवस्थित वाळली होती. ग्रंथ मी तीनदा संपूर्ण वाचला होता, एकदा परीक्षेसाठी, एकदा लेखासाठी आणि एकदा कोणाला तरी खोडून काढण्यासाठी. समारोप, सत्कार, शाल, फ्लेक्सवरचे हात जोडलेले फोटो हे सगळं मला हास्यास्पद वाटायचं आणि आजही वाटतं. भगवंतांपेक्षा प्रमुख पाहुण्यांचा फोटो मोठा असला की मी तो मनातल्या मनात फुटपट्टीनं मोजते. अशा माणसाला एक भ्रम होतो. दुसऱ्यांच्या डामडौलाला हसता येतं म्हणजे आपल्यात तो नाही, असं वाटायला लागतं.

एका एप्रिलमध्ये मी सुट्टीला गेले. एसटीतून उतरले तर थांब्यावरच्या पत्र्याच्या सावलीत मोठी आई बसलेली. शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ, त्यावर झाकणी, झाकणीवर स्टीलचा पेला. पुनर्वसनाच्या गावात नळ आहेत आणि समोर नजर पोचेल तिथवर धरणाचं पाणी आहे. दोघांची अजून कोणी ओळख करून दिलेली नाही. ती हातपंपावरून दोन गुंड, म्हणजे पितळी घागरी, डोक्यावर आणून रोज तो माठ भरायची. एसटी थांबली की खिडकीपाशी पेला घेऊन जायची. कंडक्टर तिला ओळखत होते. सकाळी भरायची, दुपारी ग्रंथ, परत चार वाजता माठ.

मी विचारलं, हे कशासाठी? ह्या वयात?

तिला प्रश्नाचंच नवल वाटलं. “ग्रंथात नाई का? तान हेच दुःखाचं मूळ. मंग आपल्याले जेवढी दिसते तेवढी तं भागवाव.”

तान म्हणजे तहान. मग मला उलगडा झाला. तृष्णा. दुःखाचं कारण तृष्णा. तिनं ती तहान समजली होती आणि उन्हाळ्याचे चार महिने दुःखाच्या मुळावर पाणी घालत होती. मला इतकं हसू आलं की ते लपवायला मी पेला तोंडाला लावला. पाणी थंडगार होतं. तेव्हा मी तिला काही बोलले नाही. इतकी चांगली गोष्ट मी वाया घालवणार नव्हते.

त्याच वर्षी आश्विन पौर्णिमेला समारोपासाठी समितीनं मला बोलावलं. फ्लेक्सवर माझा फोटो होता. अर्थात मी तो मोजला. माझ्या नावामागे ‘सुप्रसिद्ध विचारवंत’ लावलं होतं, जे साकोलीत कोणाला ठाऊक नव्हतं. विषय दिला होता ‘नित्य ग्रंथवाचन व श्रद्धेची वृद्धी’. माझ्या आधी चार जणांचे सत्कार आणि सहा जणांची मनोगतं झाली. मागे खिरीचं पातेलं उतरवल्याचा वास यायला लागला होता आणि लोकांचे चेहरे तिकडे वळले होते.

मी उठले आणि आधी शालींवर बोलले. लोक हसले. मग माइकवर बोलले, अध्यक्षही हसले. सभा ताब्यात आल्याची एक ऊब असते. तिच्यात माणूस पुढचा शब्द स्वतः निवडत नाही. मी म्हणाले, वाचन रोज केलं म्हणजे श्रद्धा वाढते हे खरं, पण समजून केलं नाही तर काय होतं बघा. आणि मी माठाची गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही. नाव घ्यायची गरज काय होती, थांब्यावर माठ एकच होता. तृष्णा म्हणजे लोभ, आसक्ती, हवं-हवं वाटणं, हे मी फोड करून सांगितलं. आणि आपल्याकडे तिच्यावर उपाय काय? दोन गुंड पाणी.

हशा मोठा झाला. पुढच्या रांगेत, बायांच्या बाजूला, मोठी आई बसली होती. तीही हसली. पदर तोंडाला लावून, मान खाली घालून. मी ते पाहिलं आणि मला बरं वाटलं, की तिनं मनावर घेतलं नाही.

खीर वाढताना ती माझ्याजवळ आली. “चांगली बोलली,” एवढं म्हणाली आणि माझ्या पानात आणखी एक पळी खीर घातली.

पुढच्या एप्रिलमध्ये थांब्यावर माठ नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, आता गुंड उचलत नाही. मला ते पटलं. वय झालंच होतं. थांब्यावर त्याच वर्षी कोणीतरी आजोबांच्या स्मरणार्थ पाण्याची स्टीलची टाकी बसवली. तिच्यावर दात्याचं नाव आहे, त्याच्या मुलांची नावं आहेत, उद्घाटन कोणी केलं ते आहे. पाणी मी तरी पाहिलेलं नाही. ह्यावरही मी एक-दोन ठिकाणी विनोद केला.

आषाढात अध्यक्षांचा फोन आला. म्हणाले, मॅडम, तुमच्या मोठ्या आई म्हणतात माझा नंबर पुढच्या घराला द्या. आम्ही नाही काढला हो, ह्या वेळी त्यांनीच सांगितलं. त्यांना वाटलं मी त्यांनाच दोष देईन. मी दिला नाही. डोळे अधू झाले असतील असं मी ठरवलं. तिला साकोलीला आणलं, डोळे तपासले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे, ह्या डोळ्यांनी अजून पाच वर्षं वाचतील. मी तिला नवा चष्मा करून दिला. तिनं तो डबीतच ठेवला. माझं मन निर्धास्त होतं, मी माझ्या बाजूनं सगळं केलं होतं.

हिवाळ्यात मी बी.ए.च्या वर्गात शब्दांची कूळकथा शिकवत होते. संस्कृत शब्द प्राकृतातून झिजत झिजत मराठीत कसा येतो, त्याची उदाहरणं. हा धडा मी सोळा वर्षं शिकवते आहे. हस्त, हत्थ, हात. मग अग्नी, अग्गी, आग. मुलांना कंटाळा आला की मी उदाहरणं पटापट लिहिते. त्या दिवशी फळ्यावर लिहिलं, तृष्णा. त्यापुढे तण्हा. त्यापुढे तहान.

खडू तिथेच थांबला. मुलं पुढच्या शब्दाची वाट बघत होती.

तृष् म्हणजे तहान लागणं. ज्यांनी दुःखाच्या मुळाला तो शब्द दिला, त्यांना घशाची कोरडच दिसत होती. लोभ, आसक्ती ही आमची नंतरची स्पष्टीकरणं. तिनं शब्द चुकवला नव्हता. तिनं तो तिच्या घरच्या नावानं ओळखला होता. आणि हे सोळा वर्षं माझ्या वहीत लिहिलेलं होतं, ते शिकवण्यासाठीच मला कॉलेजात ठेवलं होतं.

शनिवारी मी निघाले. साकोलीहून लाखांदूर, तिथून पुढची गाडी. वाटेत मी वाक्यं जुळवत होते. माफीची वाक्यं मला येत नाहीत, व्याख्यानाचीच येतात. मोठी आई दारात तांदूळ निवडत बसली होती. कोनाड्यात तिची ग्रंथाची प्रत निळ्या कापडात होती. गाठ अशी बसली होती की ती बरेच दिवस सुटली नसणार.

मी तिला सगळं सांगितलं. तृष्णा, तण्हा, तहान. बोटांवर मोजून. म्हटलं, तू म्हणत होतीस तेच बरोबर होतं. मीच चुकले, आणि चारचौघांत चुकले.

ती सुपातला खडा काढून टाकत म्हणाली, “मी कुठं म्हणत होती? तूच सांगितलं होतं.”

“मी?”

“आठवीत होतीस तवा. विहारातून येताना. मी इचारलं, तुस्ना म्हणजे का वं? तू म्हणाली, तान. पानी प्यावासं वाटते ते.” तिनं आणखी एक खडा काढला. “तू शिकेली. मी तेच धरून चालली.”

मला ते आठवत नाही. आजही नाही. पण ती खोटं बोलत नाही, आणि भुकेली पोर रस्त्यात असंच उत्तर देईल हे मला ठाऊक आहे. म्हणजे पहिल्यांदा मी तिला खरं सांगितलं ते न कळता, आणि दुसऱ्यांदा चूक सांगितलं ते विद्वत्तेनं. आणि समारोपाच्या दिवशी, दोनशे माणसं हसत असताना, ही बाई पुढच्या रांगेत बसून एका वाक्यात मला खाली बसवू शकत होती. तिनं पदर तोंडाला लावला.

मी म्हटलं, मग आता वाच ना. शब्द बरोबर होता हे कळलं ना आता?

तिनं सूप खाली ठेवलं. “एका शब्दाचं नाई वं, बाई. त्या दिवशी तू सभेत सांगितल्यावर मी घरी आली, ग्रंथ उघडला. भगवानवर बोट ठेवलं. मंग वाटलं, हेबी दुसरंच काही असन तं? आता कोणत्याबी शब्दावर बोट ठेवलं का तसंच वाटते.” मग जरा हसून म्हणाली, “तुयासारखं अक्षरानं तं मले येत नाई. मी वळखीनं वाचत होती.”

हे मला समजायला हवं होतं. जो अक्षर जोडून वाचतो त्याचा एक शब्द चुकला तर एकच चुकतो. तिचं वाचन भरवशावर होतं. एक वीट काढून मी म्हणत होते, ही परत घे, भिंत उभी कर. मराठीत बोट ठेवणं ह्याचा दुसराही अर्थ आहे, दुसऱ्याची चूक दाखवणं. आयुष्यभर मी ते दुसऱ्या अर्थानंच करत आले.

मी तिला अक्षरं शिकवायला निघाले. दोन रविवार बाराखडीचं पुस्तक घेऊन गेले. तिनं मान ठेवला, क ख ग गिरवले, आणि तिसऱ्या रविवारी म्हणाली की धान निघून राहिला, आता सवड नाही. तिच्याकडे शेत उरलेलं नाही.

ह्या वर्षी वर्षावासात तिच्या घरचा नंबर मी पुन्हा मागून घेतला. अध्यक्षांनी आनंदानं दिला, माइकही दिला, तो मी सरकवला. चार पानं वाचली. जमेल तितकी हळू. तृष्णा आली तिथे मी थांबले आणि तिच्याकडे पाहिलं. ती भिंतीला पाठ टेकून बसली होती, डोळे मिटलेले. पेंगत होती का ऐकत होती, मला सांगता येणार नाही.

तेव्हापासून साकोलीला मी रोज दुपारी ग्रंथाच्या तीन ओळी वाचते, बोट ठेवून. हे प्रायश्चित्त आहे असं म्हणायला मला लाज वाटते, शब्द फार मोठा आहे. मला वाटलं होतं रोज वाचल्यानं काहीतरी होईल, तिला झालं तसं. मला अडचण वेगळीच येते. प्रत्येक शब्द मला लगेच कळतो, त्याचं कूळ कळतं, कोणी त्यावर काय लिहिलंय ते कळतं, आणि तीन ओळी दोन मिनिटांत संपतात. मग मी परत वर जाते आणि बोट पहिल्या शब्दाखाली ठेवते. कधीकधी, फार थोड्या वेळा, बोट एखाद्या शब्दाखाली नुसतं राहतं आणि पुढे सरकत नाही. त्याला काय म्हणायचं मला माहीत नाही.

ती फोनवर कधी विचारते, “कुठवर आली?” मी पान सांगते. तिला ते पान कुठलं हे लगेच कळतं, कान अजून शाबूत आहेत. गेल्या आठवड्यात तिनं विचारलं, “समजून राहिलं का?”

मी म्हटलं, हळूहळू.

पलीकडे काहीतरी सळसळलं. सुपात तांदूळ हलत असावेत.

“मले समजत होतं,” ती म्हणाली.